'गुड' म्हणजे काय?

इंग्रजी भाषेतील जे शब्द आपल्या खेडोपाडी, शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांच्याही बोलण्यात शिरले आहेत, त्यांत 'गुड' ह्या शब्दास पहिला मान द्यावा लागेल. बालवाडीतले मूल घरी येऊन प्रथम 'गुड मॉर्निंग' म्हणू लागते. मास्तर वहीच्या कडेला तांबड्या शाईने 'गुड' लिहितात, आणि फारच प्रसन्न झाले तर त्याच्यापुढे 'व्हेरी' जोडतात. स्टेशनावरील मालाच्या वखारीस हमालदेखील 'गुड्स शेड' म्हणतो. बाजारपेठेत दुकान हातबदल होते तेव्हा भिंती व फळ्या ह्यांच्या किमतीवर आणखी काही रक्कम 'गुडविल' म्हणून मागितली जाते. पहाटे मोबाइल उघडावा तर फुलांच्या चित्रावर तेच अक्षर. संस्कृतात गुड म्हणजे गूळ. हा निव्वळ योगायोग आहे, परंतु हा इंग्रजी शब्दही गुळाइतकाच चिकट आहे खरा. ज्याला लावावा त्याला तो चिकटतो, आणि मग खाली काय आहे ते कोणी पाहत नाही.

आम्हांस येथे इंग्रजीचा धडा द्यावयाचा नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. एकच शब्द सकाळीस, मालास, दुकानाच्या लौकिकास, मनुष्याच्या आचरणास आणि देवाच्या वार्तेस लागतो, तेव्हा तो सर्व ठिकाणी एकच गोष्ट सांगतो काय? आणि सांगत नसेल, तर एका अर्थाची प्रतिष्ठा दुसऱ्या अर्थाच्या पदरात टाकून आपण आपलीच फसवणूक तर करीत नाही ना?

कित्येकांचा असा समज आहे की, 'गुड' आणि 'गॉड' हे दोन्ही शब्द मुळात एकच असून देव हाच चांगला म्हणून चांगल्यास देवाचे नाव मिळाले. उपदेशकांच्या तोंडी ही कोटी वारंवार ऐकू येते. ती ऐकावयास गोड आहे, परंतु भाषापंडितांना ती मान्य नाही. 'गॉड' हा शब्द ज्यास हाक मारली जाते तो, अथवा दुसऱ्या मताप्रमाणे ज्यास आहुती दिली जाते तो, अशा अर्थाच्या धातूपासून आला. आपल्या संस्कृतातील 'हूत' आणि 'हुत' हे शब्द त्याचे दूरचे सोयरे होत. 'गुड' ह्याचे कूळ वेगळे आहे. बहुतेक पंडितांच्या मते त्याचा मूळ धातू जुळणे, एकत्र येणे, नीट बसणे अशा अर्थाचा आहे, आणि गोळा करणे व एकत्र असणे ह्या अर्थाचे 'गॅदर' आणि 'टुगेदर' हे इंग्रजी शब्द त्याच धातूचे मानतात. सुताराने सांधा बसवला आणि त्यात फट राहिली नाही, म्हणजे जी गोष्ट झाली ती 'गुड'. हा अर्थ वाचकांनी मनात ठेवावा. पुढे त्याची गरज लागेल.

कुळे भिन्न असली तरी उच्चाराच्या सारखेपणामुळे ह्या दोन शब्दांनी एकमेकांच्या घरात घुसखोरी मात्र केली आहे. निरोप घेताना इंग्रज लोक पूर्वी 'देव तुम्हांबरोबर असो' अशा अर्थाचे वाक्य म्हणत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते झिजून एका शब्दाचे झाले, आणि 'गुड डे' वगैरे अभिवादनांच्या संगतीने त्यातील 'गॉड' जाऊन तेथे 'गुड' बसला. आज जो मनुष्य 'गुडबाय' म्हणतो तो नकळत आशीर्वाद देतो, आणि ज्याच्या नावाने देतो ते नाव त्याच्या ओठांवर नसते. ह्याच्या उलट प्रकार 'गॉस्पेल' ह्या शब्दाचा झाला. जुन्या इंग्रजीत तो 'गोड-स्पेल' असा, पहिला स्वर लांबवून उच्चारीत, आणि त्याचा अर्थ चांगली वार्ता एवढाच होता. ग्रीक शब्दाचे ते शब्दशः भाषांतर होते, जसे आपले 'शुभवर्तमान' आहे. पुढे स्वर आखूड झाला, आणि लोकांस वाटू लागले की ही 'देवाची कथा' आहे. जर्मनीत व उत्तरेकडील देशांत हा शब्द गेला तो ह्या दुसऱ्या अर्थानेच गेला. एका शब्दातून देव निघून गेला, दुसऱ्यात तो आपोआप आला. दोन्ही वेळी बोलणाऱ्याच्या मनातील भक्ती कमी झाली नाही की वाढली नाही. 'गुड फ्रायडे'विषयीही तेच. तो 'गॉड्स फ्रायडे' नव्हे; पवित्र ह्या अर्थी 'गुड' म्हणण्याची जुनी रीत होती, तिचा तो अवशेष आहे. त्याहूनही जुन्या काळी इंग्रज त्या दिवसास 'लांब शुक्रवार' म्हणत आणि जर्मन लोक अद्याप त्यास शोकाच्या अर्थाच्या शब्दाने ओळखतात. आपल्यात 'उत्तम शुक्रवार' हे नाव रूढ झाले, आणि दरवर्षी एखादे मूल विचारतेच की, ह्या दिवशी उत्तम ते काय झाले? मोठ्यांनी ह्या प्रश्नाला हसून टाळू नये असे आम्हांस वाटते.

आता रोजच्या वापराकडे वळू. इंग्रज 'अ गुड मेनी' म्हणतो, तेव्हा त्या लोकांच्या सदाचाराशी त्याला काही कर्तव्य नसते; पुष्कळ एवढेच त्यास सांगावयाचे असते. हे ऐकून इंग्रजीस हसू नये, कारण मराठीनेही हुबेहूब तेच केले आहे. 'बरे' म्हणजे चांगले, आणि 'बरेच लोक आले' म्हणजे पुष्कळ आले. त्यांत चोर असतील तरी ते बरेचच. 'चांगले दोन कोस चाललो', 'चांगलाच मार बसला', 'भलामोठा धोंडा', ही सर्व त्याच जातीची बोलणी. आमच्या मते ह्यात लोकांच्या मनाची एक जुनी खोड दिसते. जे पुष्कळ ते चांगले, असे मनुष्यास न सांगता वाटत असते, आणि भाषा ते गुपित फोडून टाकते.

दुसरा वापर उपयुक्ततेचा. नांगर चांगला म्हणजे जमीन नीट फाडणारा, बैल चांगला म्हणजे जुवाला न डगमगणारा. येथे शब्दाचा मूळ अर्थ, नीट बसणे, अजून शाबूत आहे. केंब्रिज येथील तत्त्ववेत्ते मूर ह्यांनी १९०३ साली 'प्रिन्सिपिया एथिका' नावाचा ग्रंथ लिहून त्यात असे प्रतिपादिले की, 'गुड' ह्या कल्पनेची व्याख्या करता येत नाही. ज्याने पिवळा रंग पाहिला नाही त्यास पिवळा म्हणजे काय हे शब्दांनी सांगता येत नाही. हळद दाखवावी लागते. चांगलेपणाही तसाच, सुटे करून पाहता न येणारा गुण आहे. ह्या मतास पुढे अनेकांनी विरोध केला. पीटर गीच नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५६ साली दाखविले की, चांगला हा शब्द पिवळ्यासारखा वागतच नाही. पिवळा पक्षी हा पक्षी आहे आणि पिवळा आहे, असे दोन तुकडे करता येतात. परंतु चांगला चोर हा चोर आहे आणि चांगला आहे, असे म्हणता येत नाही! चांगला कशाच्या नात्याने, हे ठरल्यावाचून त्या शब्दास अर्थच येत नाही. आमचा कौल गीच ह्यांच्याकडे झुकतो, कारण कोणताही शेतकरी हेच सांगेल. दुभती गाय चांगली म्हणून नांगराला जुंपावयास चांगली असे तो कधी म्हणणार नाही.

पण येथेच एक मोठा धोका आहे. नांगर व बैल ह्यांची मोजणी आपण माणसांवर लावू लागतो. इंग्रजीत 'गुड फॉर नथिंग' म्हणजे कशाच्याही कामाचा नाही असा मनुष्य. आपल्याकडे 'कामातून गेला' म्हणतात. ज्या घरात थोरल्या मुलास कमावता म्हणून चांगला म्हणतात त्याच घरात आंधळी झालेली आजी, अंथरुणास खिळलेला भाऊ, मतिमंद मुलगी ह्यांविषयी 'काय उपयोग?' असा प्रश्न निघतो. मोठ्याने निघत नसला तरी भाकरी वाढणाऱ्या हाताच्या गतीत तो कळतो. बैलाविषयी 'कशास चांगला?' हा प्रश्न योग्य आहे. आईविषयी तो विचारणारा मनुष्य शब्दाने फसला आहे. नांगर कोणासाठी तरी असतो. मनुष्य कोणाचे अवजार म्हणून जन्मास आलेला नाही.

तिसरा वापर मालाचा. 'गुड' ह्याचे अनेकवचन 'गुड्स', आणि त्याचा अर्थ मालमत्ता. मालगाडी म्हणजे 'गुड्स ट्रेन'. तिच्यात कोळसा असो की खत. ही केवळ इंग्रजांची खोड आहे असे नव्हे. लॅटिन व ग्रीक ह्या भाषांतही चांगल्या वस्तू ह्या अर्थाचा शब्द संपत्तीस लावीत. लूककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात ज्या धनवान शेतकऱ्याचा दृष्टान्त आहे तो वाचकांस ठाऊक आहेच. पीक मावेना म्हणून त्याने कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत केला. तेथे तो आपल्या साठ्याविषयी बोलताना मूळ ग्रीकात जो शब्द वापरतो त्याचा शब्दशः अर्थ 'माझ्या चांगल्या गोष्टी' असा होतो, आणि इंग्रजी भाषांतरकारांनी १६११ साली तेथे 'गुड्स' हाच शब्द घातला. त्या मनुष्याने कोणास लुबाडले असे दृष्टान्तात कोठेही म्हटलेले नाही. त्याची चूक व्याकरणाची होती असे म्हटले तरी चालेल. चांगले ह्या शब्दाचे अनेकवचन होऊ शकते आणि ते कोठारात भरून ठेवता येते, असे तो समजला.

'गुडविल' ह्या शब्दाचीही अशीच गंमत आहे. ख्रिस्तजन्माच्या वेळी देवदूतांनी गाइलेल्या स्तुतीत १६११ च्या इंग्रजी भाषांतराने मनुष्यांविषयी 'गुडविल' घातली; जुन्या लॅटिन भाषांतरात मात्र शांती आहे ती सदिच्छा असलेल्या मनुष्यांस. ग्रीक हस्तलिखितांत शेवटच्या एका अक्षराचा काय तो फरक, परंतु त्या अक्षराने शांती सर्वांची होते किंवा काहींची. इकडे व्यापारात १८१० साली इंग्लंडातील न्यायाधीश लॉर्ड एल्डन ह्यांनी 'गुडविल' म्हणजे जुनी गिऱ्हाइके जुन्याच ठिकाणी पुन्हा येण्याचा संभव, एवढाच अर्थ ठरविला. तो संभव आज ताळेबंदात मालमत्ता म्हणून लिहितात. त्यात वाईट काही नाही. ज्या वाण्याने चाळीस वर्षे माप खरे ठेवले त्याच्या पेढीस लौकिकाची किंमत यावी हे न्याय्यच आहे. मात्र पेढी विकली गेली की लौकिक नव्या मालकास मिळतो, खरे माप मात्र त्याला स्वतःच ठेवावे लागते.

असो. आता ज्या वापराकडे आम्ही इतका वेळ येत होतो तो माणसास लावण्याचा. दोनतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात व अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत साध्या कुटुंबाच्या कर्त्या पुरुषास 'गुडमन' आणि त्याच्या बायकोस 'गुडवाइफ' म्हणत, आणि बायकोचे ते नाव लाडाने 'गुडी' असे होई. शेजारपाजारच्या बायका एकमेकींस ह्याच नावाने हाक मारीत. १७६५ साली लंडनचे पुस्तकविक्रेते न्यूबरी ह्यांनी मुलांसाठी एक गोष्ट छापली. तीत एकच बूट असलेल्या अनाथ मुलीस दोन बूट मिळतात, त्याचा तिला अतोनात हर्ष होतो, आणि तिचे नाव 'गुडी टू-शूज' पडते. त्या गोष्टीतली मुलगी खरोखर चांगली आहे. परंतु पुढे हे नाव टोमणा झाले. 'गुडी-गुडी' म्हणजे चांगुलपणाचे प्रदर्शन करणारा. 'डू-गुडर' म्हणजे लोकांचे भले करण्याच्या खटपटीत त्यांना जेरीस आणणारा. जगास चांगले लोक सहन होत नाहीत म्हणून हे शब्द निघाले, असे म्हणून आपण सुटू पाहतो. पण खरे पाहता हे टोमणे अनुभवातून आले आहेत. आपण चांगले आहो अशी ज्याची खात्री झाली आहे, त्याच्या हातून किती वाईट घडू शकते ह्याचा एक लेखी पुरावा इतिहासाने ठेवला आहे, आणि त्यात हा 'गुड' शब्द जागोजाग आढळतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत सेलेम नावाचे खेडे होते. प्रार्थनामंदिर, वडील मंडळी, शब्बाथ, उपास हे सर्व तेथे नियमाने चाले. १६९२ साली काही मुलींस झटके येऊ लागले आणि त्यांनी शेजारणींवर चेटकाचा आरोप केला. पहिल्या तीन आरोपींत सारा गुड नावाची एक दरिद्री स्त्री होती. दारोदार मागून खाणारी, तोंडाने फटकळ. 'गुड' हे तिच्या नवऱ्याचे आडनाव. चौकशीत त्या नवऱ्यासच विचारले तेव्हा त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितले की, ही सर्व चांगल्याची वैरीण आहे. इंग्रजी दप्तरात तेथे 'गुड' हाच शब्द लिहिलेला आहे. तिची चारपाच वर्षांची मुलगी डॉरथी हिलाही बेड्या घालून तुरुंगात ठेवले. अंगावरचे तान्हे तुरुंगातच मेले.

दुसरी स्त्री रिबेका नर्स. तिला सर्व गाव 'गुडी नर्स' म्हणे. वय एकाहत्तर, कानाने मंद, मंडळीची सभासद, आणि तिच्या चालचलणुकीविषयी सुमारे चाळीस शेजाऱ्यांनी सह्यांचा कागद दिला होता. पंचांनी प्रथम ती निर्दोष असल्याचा निर्णय दिला. तोच आरोप करणाऱ्या मुलींनी आकांत मांडला, मुख्य न्यायाधीशांनी पंचांस पुन्हा विचार करण्यास सुचविले, आणि तिच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याचा खुलासा तिला विचारला गेला. तिने उत्तर दिले नाही. आपणास ऐकू आले नव्हते व दुःखाने मन भरून आले होते, असे तिने नंतर लिहून कळविले. तोपर्यंत निर्णय फिरला होता. ३ जुलै रोजी तिच्या मंडळीने तिला बहिष्कृत केले, आणि १९ जुलै रोजी सारा गुड, रिबेका नर्स व आणखी तीन स्त्रिया ह्यांस फाशी दिली. त्या वर्षी एकूण एकोणीस जणांस फाशी झाली, एकास धोंड्यांखाली दडपून मारले, आणि कित्येक तुरुंगात मेले.

ह्या न्यायाधीशांस व पंचांस दुष्ट म्हणावे तर ते खरे होणार नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांस आपण देवाची सेवा करीत आहो असे मनापासून वाटत होते. इंग्रजीत ह्यास 'इन गुड फेथ' म्हणतात. आपल्या कायद्याच्या मराठीत 'सद्भावपूर्वक'. तेव्हा प्रश्न असा की, सद्भाव असला म्हणजे पुरे काय? ह्या प्रश्नास आपल्याच देशाच्या कायद्याने दोन उत्तरे दिली आहेत, आणि ती विचार करण्याजोगी आहेत. १८६० च्या दंडसंहितेने सांगितले की, योग्य ती काळजी व लक्ष न देता केलेले कृत्य सद्भावपूर्वक केले असे म्हणताच येणार नाही. २०२४ च्या जुलैपासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिनेही ही व्याख्या तशीच ठेवली. उलट १८९७ च्या सामान्य कायदेपरिभाषेच्या कायद्यात म्हटले आहे की, कृत्य प्रामाणिकपणे केले म्हणजे ते सद्भावपूर्वक झाले, मग त्यात हयगय असो वा नसो. एका शब्दाचे हे दोन अर्थ म्हणजे कायद्याचा घोटाळा, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. दोन्ही जागी मनुष्याचे हात निरनिराळे काम करीत आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याविषयी शेवटी पुन्हा लिहू. सेलेमच्या पंचांस मात्र पहिलीच व्याख्या लागू पडते. म्हातारीस ऐकू आले की नाही एवढे पाहण्याची काळजी त्यांनी घेतली नाही. मग त्यांचे अंतःकरण कितीही निर्मळ असो. आपल्या पंचायतींत, मंडळीच्या सभांत, आणि अजूनही काही भागांत बाईस डाकीण ठरविणाऱ्या गावबैठकांत बसणारेही आपल्या मनास 'आम्ही गावाच्या भल्यासाठीच करतो' असे सांगत असतात. आपल्या राज्यास २०१३ साली अमानुष प्रथा व जादूटोणा ह्यांविरुद्ध कायदा करावा लागला, ह्यावरून हा विषय परदेशचा किंवा जुना म्हणून सोडून देता येत नाही.

सेलेमची गोष्ट तेथेच संपत नाही. इंग्रजीत 'मेक गुड' असा एक प्रयोग आहे: झालेले नुकसान भरून देणे. निर्गम पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात शेजाऱ्याकडून मागून आणलेले जनावर मालकाच्या पाठीमागे मेले किंवा मोडले तर काय करावे ह्याचा नियम आहे, आणि इंग्रजी भाषांतरात तेथे हाच प्रयोग घातला आहे. मूळ इब्री क्रियापद ज्या धातूचे आहे त्याच धातूचा 'शालोम' हा शब्द आहे, ज्यास आपण शांती म्हणतो. फुटलेले पुन्हा सबंध करणे, हा त्याचा भाव. सुताराच्या बिनफटीच्या सांध्याचा जो अर्थ आम्ही आरंभी सांगितला तो येथे पुन्हा भेटतो. 'गुड' हा शब्द जेथे मनुष्यास बक्षीस म्हणून न लागता त्याच्यावर ऋण म्हणून बसतो, असे भाषेतील हे एक स्थळ आहे, आणि आम्हांस ते सर्वांत प्रामाणिक वाटते.

१६९७ च्या जानेवारीत बॉस्टनच्या प्रार्थनामंदिरात न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल आपल्या जागी उभे राहिले आणि त्यांचा कबुलीजबाब पाळकाने सर्वांसमक्ष वाचून दाखविला. दोष व लाज ही त्यांनी स्वतःवर घेतली. पंचांपैकी बारा जणांनीही लेखी क्षमा मागितली. आरोप करणाऱ्या मुलींपैकी अॅन पटनम हिने १७०६ साली आपल्या मंडळीपुढे तेच केले. मुख्य न्यायाधीश स्टौटन ह्यांनी कधीच क्षमा मागितली नाही. १७११ साली वसाहतीने पुष्कळांवरील शिक्षा रद्द करून वारसांस पैसे दिले, आणि १७१२ साली रिबेका नर्सच्या मंडळीने बहिष्काराचा ठराव मागे घेतला. सारा गुडच्या नवऱ्यास तीस पौंड मिळाले. ज्याने बायकोस चांगल्याची वैरीण म्हटले होते त्याच्याच हाती! त्याच्या अर्जात लिहिले होते की, अंधारकोठडीत बेड्यांत राहिलेल्या मुलीची बुद्धी पुढे कधीच ताळ्यावर आली नाही. तीस पौंडांनी काय भरून निघाले? इंग्रजीत 'फॉर गुड' म्हणजे कायमचे. चांगल्याचा शब्द कायमच्या हानीसही लागावा, हा भाषेचा खेळ आम्हांस येथे क्रूर वाटतो. तथापि, थोडेच भरून निघते म्हणून काहीच भरू नये, असे मात्र कोणी समजू नये. दोषी ठरूनही फाशीवाचून सुटलेल्या एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या एका स्त्रीचे नाव निर्दोषांच्या यादीत यावयाचे राहूनच गेले होते. एका शाळेतील आठवीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर ते प्रकरण हाती घेतले, आणि २०२२ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिचे नाव निष्कलंक केले. तिचे वंशज नव्हते; कोणास पैसा मिळणार नव्हता.

नावावरून आठवले. आपल्या देशातील इंग्रजी बोलणारे लोक अनोळखी माणसास 'तुमचे गुड नेम काय?' असे विचारतात. खुद्द इंग्रजांस ह्याचे नवल वाटते. पण तो आपल्या 'शुभनाव' शब्दाचा तर्जुमा आहे आणि त्यात आदर आहे. मोठ्या संपत्तीपेक्षा चांगले नाव बरे, अशा अर्थाचे वचन नीतिसूत्रांत आहे. तेथे मूळ इब्रीत केवळ 'नाव' असा शब्द आहे. 'चांगले' हे भाषांतरकारांनी अर्थ उलगडण्यासाठी घातले. अशीच आणखी एक जागा आहे, आणि ती फार प्रसिद्ध आहे. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या रस्त्यावर लुटारूंनी घायाळ केलेल्या मनुष्यास उचलून नेणाऱ्या शोमरोन्यास सर्व जग 'गुड समॅरिटन' म्हणते. लूकच्या १० व्या अध्यायातील ती कथा वाचक स्वतः उघडून पाहतील तर त्यांस आढळेल की, तीत त्या मनुष्यास कोणीही 'चांगला' म्हटलेले नाही. त्याला नाव नाही आणि विशेषणही नाही. त्याने काय काय केले एवढेच लिहिले आहे: जखमा बांधल्या, जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, पैसे दिले, आणि आणखी खर्च लागल्यास परत येताना भरून देईन असे सांगितले.

त्याच नावाने आपल्या देशात आता कायदा आहे. रस्त्यावर अपघात झाला की बघे पुष्कळ जमतात, परंतु पोलीस, साक्षी व दवाखान्याचे बिल ह्यांच्या भीतीने कोणी जखमीस हात लावीत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात ते कलम आले. सद्भावाच्या दुसऱ्या व्याख्येविषयी वर लिहिले होते ते येथे जुळते. जो मनुष्य सद्भावपूर्वक, आपखुशीने, मोबदल्याची अपेक्षा न धरता जखमीस उचलतो, त्याच्या हातून उचलताना हयगयीने काही इजा झाली तरी त्याजवर खटला होत नाही. दुसऱ्यास दोषी ठरविणाऱ्या हातांकडून जी काळजी मागितली पाहिजे ती रक्ताने माखलेल्या माणसास पोटाशी धरणाऱ्या हातांकडून कायदा मागत नाही, आणि हे आम्हांस शहाणपणाचे वाटते. २०२० च्या नियमांप्रमाणे त्या मनुष्याचे नाव, गाव, पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस किंवा दुसरे कोणीही करू शकत नाही, आणि ह्या हक्कांचा फलक प्रत्येक सरकारी व खासगी इस्पितळाने हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत प्रवेशद्वाराशी अथवा दर्शनी जागी लावावयाचा आहे. आमच्या वाचकांपैकी जे तालुक्याच्या इस्पितळात जातील त्यांनी तो मराठीत लावलेला आहे किंवा नाही हे पाहावे, आणि नसल्यास तेथील अधिकाऱ्यांस विचारावे.